दुखापतीचे शब्द धरू नयेत

१

‘खोडता तुम्ही, आणि हात मात्र दुसऱ्याचे रंगतात.’

कार्डावर सुरुवातीला एवढंच लिहिलं होतं. कोणाला उद्देशून ते नाही, खाली सही नाही. त्याखाली इंग्रजीत, कुंपणाच्या गजांसारख्या उभ्या, ताठ, मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते: हॅमर, हार्म, स्मदर. हातोडी, इजा, गुदमरवणं. पहिल्या शब्दाखाली रेघ ओढलेली. पाठवणाऱ्याच्या जागी नावाऐवजी फक्त ठिकाण: ‘खिळेमोळ्यांचं दुकान, मागची गल्ली.’

तिला आधी हसूच आलं. सायंदैनिकात कोड्याच्या टेबलावर बसून तिला तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिनं शंभर प्रकारची कार्डं पाहिली होती. जग बदलायला निघालेली मुलगी सातव्या पानावर येऊन अडकली, असं ऑफिसातले लोक तिच्या तोंडावर म्हणत. हाक मारताना ‘कोडेबाई’ म्हणत. वय चोवीस, पदवी पहिल्या वर्गातली, आणि काम म्हणाल तर लाकडी पेटीत हात घालायचं.

पेटीला दोन कप्पे होते. एकात इंग्रजीतले स्वर, दुसऱ्यात व्यंजनं, सगळी लाकडी चौकोनांवर कोरलेली. रोज सकाळी दहाला न बघता तीन स्वर आणि सहा व्यंजनं काढायची, तीन ओळींत मांडायची. मधलं अक्षर ज्यात येतं असे जेवढे शब्द त्या नऊ अक्षरांतून होतील तेवढे डिक्शनरी उघडून चिठ्ठीवर उतरवायचे. मग लाल पेन्सिल घ्यायची. ज्या शब्दांत मारहाण आहे, रक्त आहे, हत्यार आहे, ते खोडायचे. उरलेले मोजायचे आणि तो आकडा कोड्याखाली छापायचा. आकड्याखाली तीस वर्षं एकच ओळ छापली जात होती: ‘दुखापतीचे शब्द धरू नयेत.’ वाचक आपली यादी कार्डावर पाठवत. ज्याची यादी चिठ्ठीशी तंतोतंत जुळे त्याला शनिवारी एक पेन मिळे.

त्या ओळीचा तिला मनस्वी राग होता. पहिल्या पानावर मुडद्यांचे रंगीत फोटो छापायचे आणि सातव्या पानावर चाकू या शब्दाला लाजायचं? हे तिनं संपादकांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक कोडं चहासोबत सोडवतात. चहात रक्त कशाला?”

तिनं कार्ड बाजूला ठेवलं आणि आजची चिठ्ठी समोर ओढली. मदर, होम, मास्टर, स्टॉर्म, असे सत्तावीस शब्द. आणि लाल रेघेखालचे तीन: हॅमर, हार्म, स्मदर.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अंक बाहेर पडायला पाच तास होते. ती अक्षरं तिनं पेटीतून काढली त्याला जेमतेम तास झाला होता, आणि कार्ड टपालानं आलं होतं.

२

आता माणसानं अशा वेळी डोकं ठिकाणावर ठेवावं. तिनं ठेवलं. खेळी ऑफिसातल्याच कोणाची तरी असणार. पानाचं प्रूफ पाच जणांच्या हातून जातं, नऊ अक्षरं समोर असली की शब्द कोणीही शोधील. कार्डावरचा शिक्का परवाचा होता, पण टपालखात्याचा शिक्का म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे.

तिचा संशय गुन्हेबातमीदारावर होता. त्याला सगळे ‘काळी बातमी’ म्हणत. दुसऱ्या दिवशी तोच तिच्या टेबलाशी आला, खुर्ची उलटी करून बसला.

“कोडेबाई, तुमचे भक्त कुठे कुठे पसरलेत बघा. मागच्या गल्लीतला खिळेमोळेवाला गेला. वीस वर्षांचं ओळखीचं गिऱ्हाईक, खिळे घ्यायला आलं. त्याच्याच काउंटरवरची हातोडी उचलली आणि घातली. एक नाही, दोन नाही. पोलिसांनी मोजायचं सोडून दिलं.”

“भांडण होतं?”

“कसलं भांडण. मारून झाल्यावर शांत उभा. म्हणतो, हात थांबेना. खिशात काय सापडलं सांगू? तुमचं कोडं. सोडवलेलं.”

तिनं हसायचा प्रयत्न केला. ते कोडं चार हजार लोक सोडवत. त्यातला एक खुनी निघाला तर त्यात कोड्याचा काय दोष?

खालून कटरचा आवाज येत होता. तिच्या टेबलाखाली, बरोबर एक मजला खाली, कटिंग खातं होतं. तिथे तिचा दादा कागद कापायच्या मशीनवर होता. ठकठक, म्हणजे कागदाचा गठ्ठा आपटून कडा जुळवल्या. धप्प, म्हणजे दाबपट्टी बसली. खच्च, म्हणजे पातं उतरलं. ठकठक, धप्प, खच्च. आईवडील गेले तेव्हा ती नववीत होती. तिचं कॉलेज त्या पात्याखालून बाहेर आलं होतं. तो आवाज चालू असला की तिच्या जिवाला बरं वाटे.

फक्त एकच गोष्ट तिला खुपायची. पातं उतरवायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागत, म्हणजे हात पात्याखाली राहूच नये. पण कामाला वेग यावा म्हणून तिथले सगळे एक बटण सुतळीनं दाबून बांधून ठेवत. दादाही.

“उद्या सोडतो,” तो दर वेळी म्हणे.

३

पुढचे तीन दिवस कार्ड आलं नाही. चौथ्या दिवशी आलं. तिनं चिठ्ठी पूर्ण केली, लाल पेन्सिलीनं दोन शब्द खोडले, ॲसिड आणि स्काल्ड, म्हणजे उकळत्या पाण्यानं पोळणं, आणि टपालाच्या गठ्ठ्यात हात घातला. तेच ताठ गज. ॲसिड. स्काल्ड. दुसऱ्याखाली रेघ. ठिकाण: ‘कँटीन, पहिला मजला.’

कँटीन तिच्याच मजल्यावर होतं, लांबट खोलीच्या टोकाला.

कार्ड हातात घेऊन ती उठली. नक्की काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. सावध राहा म्हणून सांगायचं? कोणाला, कशापासून? दारापर्यंत पोचली आणि आत किंचाळी फुटली.

कँटीनवाला काउंटरमागे उभा होता. हाती रिकामं पातेलं. समोर पहारेकरी जमिनीवर लोळत होता, चेहऱ्यावर दोन्ही तळवे दाबून, आणि तळव्यांच्या आतून वाफ येत होती. त्यानं हात काढले तेव्हा हाताबरोबर आणखी काही निघालं. तिनं मान फिरवली. लोक धावले, कोणी पाणी म्हणत होतं, कोणी पाणी नको म्हणत होतं. कँटीनवाला तिघांना आवरेना. त्यानं दुसरं पातेलं धरलंच होतं.

शेवटी त्याला टेबलावर पालथा दाबून ठेवला. तो लगेच गप्प झाला, झोपेतून उठल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला.

“काय झालं हो?” त्यानंच विचारलं.

पण त्याचं उजवं बोट टेबलावर सांडलेल्या पाण्यात हलत होतं. उभी रेघ. आडवी रेघ. उभी रेघ. कुंपणाचे गज. या माणसाला इंग्रजीत सहीपुरतं येत होतं, आणि तीही तिरकी, गिचमिड.

४

ती त्याच दुपारी मास्तरांच्या घरी गेली. तीस वर्षं कोड्याच्या टेबलावर बसलेला माणूस; तो उठला म्हणून ती जागा तिला मिळाली. दार सुनेनं उघडलं.

“बोला त्यांच्याशी, पण हात सोडू नका,” सून म्हणाली.

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. अंगात स्वच्छ सदरा. उजवा हात खुर्चीच्या हाताला मऊ पंच्यानं बांधलेला.

“लिहितात,” सून हळूच म्हणाली. “भिंतीवर, चादरीवर. परवा जेवताना ताटात. म्हणून.”

ती समोर बसली आणि उगाच आडवळणं न घेता दोन्ही कार्डं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पाहिली नाहीत. नजर खिडकीबाहेर.

“सर, अशी कार्डं तुम्हालाही यायची?”

“रोज नाही.”

“तुम्ही काय करायचात?”

“खोडायचो. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकायचो. चहा प्यायचो.”

“आणि ते व्हायचं?”

“खोडलं की ते एकाकडेच जातं,” मास्तर म्हणाले, जणू पावसापाण्याचं बोलत होते. “एवढं मोठं गाव. त्यात एक. तेवढं चालतं.”

तिनं कार्डं परत उचलली. “तीस वर्षं तुम्हाला माहीत होतं. तुम्ही चहा पीत बसलात.”

“मी ठिकाण कधी वाचलं नाही. तूही वाचू नकोस. ठिकाण वाचलं की माणसाला झोप लागत नाही.”

“ठिकाण वाचलं नाही म्हणजे झालं? तुमच्यासारख्यांमुळेच...” पुढचं तिनं गिळलं. म्हातारा माणूस, बांधलेला. ती उठली. “मी लपवणार नाही, सर. लपवलेलंच सडतं.”

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, पण पंच्याखाली बोटं मजेत चालल्यासारखी चालत होती. उभं, आडवं, उभं.

“खोडत राहा, पोरी,” ते म्हणाले. “खोडत राहा.”

५

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. दोन दिवसांनी टपाल आलं तेव्हा तिनं आधी कार्डाची मागची बाजू पाहिली.

‘कटिंग खातं, तळमजला.’

शब्द तीन होते: ब्लेड, ब्लीड, सेव्हर. रेघ शेवटच्याखाली. सेव्हर, म्हणजे तोडून वेगळं करणं.

चिठ्ठी तिच्यासमोर अर्धीच झाली होती. नऊ अक्षरं मांडलेली: ए, बी, डी, दोन ई, एल, आर, एस, व्ही. तिनं ती गोळा करून पेटीत टाकली, पेटी हलवली, डोळे मिटून पुन्हा नऊ काढली. व्ही, एस, ई, बी, आर, ए, एल, ई, डी. क्रम तेवढा वेगळा. तिसऱ्यांदा काढली. तीच. संपादकांना म्हणाली, आज कोडं वगळा. ते म्हणाले, कोडं नसलं तर लोक अंक परत आणून देतील, जा कामाला लागा.

ती जिना उतरून खाली गेली. दादा मशीनशी वाकलेला, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल कोड्यासाठी असे. रोज दुपारी तो तिचं कोडं घेऊन बसे आणि रोज पाच-सहा शब्दांनी कमी पडे.

“आज सुट्टी घे.”

“का? तुझं लग्न ठरलं?”

“दादा, थट्टा नको. मशीनला हात लावू नकोस आज.”

“दोन हजार फॉर्म कापायचेत. तू कापतेस? बाई, तू इथे येऊन उभी राहिलीस की मालकाला वाटतं युनियन आली.”

तिनं वाकून बटणावरची सुतळी स्वतः सोडली. गाठ जुनी होती, नख मोडलं. दादा आधी रागावला, मग तिचा चेहरा बघून नरमला.

“बरं. बांधत नाही. शप्पथ. दोन्ही हातांनी दाबीन, तुझ्या कॉलेजच्या बाईंसारखा हळूहळू काम करीन. झालं समाधान?”

समाधान झालं नव्हतं. ती वर आली आणि चिठ्ठीसमोर बसली. विचार करायला तिला फार वेळ लागत नसे, तो तिचा गुणही होता आणि खोडही. कार्डात कधीच छापलेला शब्द नसे. मदर नव्हता, होम नव्हता. फक्त खोडलेले. म्हणजे खोडणं हेच मूळ. आपण ज्याला अंधारात ढकलतो ते अंधारात एकाला गाठतं. मग खोडलंच नाही तर? उजेडात ठेवलं, चार हजार लोकांसमोर, तर कार्डात लिहायला उरेल काय?

मास्तरांना एक माणूस चालत होता. तिला एकही चालणार नव्हता, आणि हा तर दादा होता.

तिनं लाल पेन्सिल मोडली. व्हर्स, लीडर, ब्रेड यांच्या पंक्तीत ब्लेड, ब्लीड आणि सेव्हर तसेच राहिले. एकूण शब्द एकेचाळीस. तीस वर्षांची ओळ काढून तिच्या जागी तिनं लिहिलं: ‘सगळे शब्द धरावेत.’

६

त्या दिवशी काहीही झालं नाही.

दिवसभर ती कान जमिनीकडे लावून बसली. ठकठक, धप्प, खच्च. पाचला मशीन थांबलं आणि दादा दहाही बोटं नाचवत दारात आला.

“मोजून घे,” तो म्हणाला.

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं बोलत घरी गेली. वाटेत तिनं ठरवलं, उद्या संपादकांशी भांडायचं, ती ओळ कायमची घालवायची. मास्तरांनाही कळवायचं, सोडा म्हणावं तो हात.

वहिनी उंबऱ्यात बसून आपल्या निळ्या चपलेचा तुटलेला पट्टा पांढऱ्या दोऱ्यानं शिवत होती.

“नवी घे की,” ती वहिनीला म्हणाली.

“तुझा भाऊ घेतो म्हणतो. ‘उद्या’ घेतो म्हणतो,” वहिनी म्हणाली. “उद्या अकराला डबा द्यायला याच चपलेवर येणार मी. गेटवरच्यांना माझी चप्पल आवाजावरून कळते.”

दादा अंक घेऊन टेबलाशी बसला होता. चहा निवत होता. आज तो डोकं खाजवत नव्हता, डिक्शनरी मागत नव्हता, कोणाला विचारत नव्हता. शब्द झरझर उतरत होते.

“झाले,” तो म्हणाला. “एकेचाळीस. बाई, तुझ्या भावाला शेवटी अक्कल आली. आता पेन दे.”

तिनं कौतुकानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दादाचं अक्षर गोल, डावीकडे कललेलं. तिच्या शाळेच्या वह्यांवर नाव तोच घालायचा. कार्डावर मात्र सगळी अक्षरं उभी होती. घाईत लिहिलं असेल. दिव्याचा उजेडही कमी होता. तिनं नजर काढून घेतली आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

७

एरवी टपालात तीस-चाळीस कार्डं यायची. सकाळी तिच्या टेबलाशी तीन गोणी उभ्या होत्या.

“टपालपेटीत मावेनात,” टपालवाले काका म्हणाले. “काल रात्रीच लोकांनी गेटवर आणून टाकलीत.” ते सुतळी कापायच्या चाकूनं चौथ्या गोणीचं तोंड उघडत होते. पन्नाशी उलटलेला, गरीब माणूस. आवाज कधी चढायचा नाही.

तिनं मूठभर कार्डं उचलली. पत्ते वेगवेगळे. शाळेमागची घरं, दवाखाना, बसडेपो, मुलींचं वसतिगृह. नावं वेगवेगळी, बायकांची, पुरुषांची, एक तर ‘वय वर्षं नऊ’ असंही. अक्षर एकच. तिनं दुसरी मूठ काढली, तिसरी काढली. गोणीत खांद्यापर्यंत हात घालून तळातली काढली. उभे, ताठ गज. एकेचाळीस शब्द, एकाच क्रमानं, आणि प्रत्येक कार्डावर कुठल्यातरी एका शब्दाखाली रेघ. कोणाच्या ब्लेडखाली. कोणाच्या ब्लीडखाली.

काळी बातमीच्या टेबलावरचा फोन वाजत होता. तो उचलला गेला तसा शेजारचा वाजू लागला, मग संपादकांचा. खिडकीखाली रस्त्यावर काच फुटली. एक बाई ओरडली आणि मधेच थांबली. मग पलीकडच्या गल्लीत कोणी ओरडलं. मग आणखी लांब.

तिकीट नसलेलं एक कार्ड तिच्या पायाशी पडलं. त्यावर दादाचं नाव. रेघ सेव्हरखाली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की कटर चालू आहे. खच्च. खच्च. खच्च. मधली ठकठक नाही, धप्प नाही. कागद जुळवल्याशिवाय कोणी कापत नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

जिना ती कशी उतरली ते तिला कळलं नाही. शेवटच्या पायरीवर असताना ठकठक ऐकू आली आणि तिला वाटलं, देवा, सुटलो. गठ्ठा आपटतोय. काम करतोय. तिनं दार ढकललं.

दादा पाठमोरा होता. कानामागे पेन्सिल. सुतळी बांधलेली नव्हती. शपथ त्यानं पाळली होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं, हळूहळू, नीट. मशीनच्या टेबलावर कागद नव्हता. टेबलाखाली डबा आडवा पडला होता, आणि त्याच्या बाजूला एक निळी चप्पल जमिनीवर आपटत होती, ठकठक, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला पट्टा वर करून. मग ती आपटायची थांबली.

“आलीस?” दादा न वळता म्हणाला. “थांब हं. एवढं झालं की येतो.”

ती मागे सरली. पाठीला भिंत लागली, मग कठडा, मग हाताला पायऱ्या. ती उलटी, चार पायांवर वर चढत राहिली. मधल्या वळणावर ती थांबली. धुळीच्या पायरीवर तिचं उजवं बोट काहीतरी ओढत होतं. उभं. आडवं. उभं. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं.

वरून पावलं आली. टपालवाले काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते, एका हातात कार्डांची चळत, दुसऱ्यात सुतळीचा चाकू. नेहमीसारखेच मवाळ. ते एक पायरी उतरले.

“बाई,” ते म्हणाले, “आज पहिल्यांदाच सगळ्यांचं बरोबर आलंय.”